डाग काढताना त्वचेचा पोत जपण्याविषयी

छायाचित्रातील चेहऱ्यावरचे मुरुमांचे डाग घालवण्यासाठी संपूर्ण चेहऱ्यावर गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) द्यावा, असा एक सल्ला दिला जातो. त्याने डाग फिके होतात हे खरे, पण त्यांच्याबरोबर त्वचेवरील बारीक छिद्रेही पुसली जातात आणि चेहरा मेणाचा दिसू लागतो. त्याऐवजी फोटोशॉपमधील हीलिंग ब्रश वापरून पाहावा. २००२ साली सातव्या आवृत्तीत आलेले हे साधन क्लोन स्टॅम्पप्रमाणे निवडलेला भाग जसाच्या तसा चिकटवत नाही, तर तेथील पोत उचलून त्याचा रंग आणि उजेड डागाभोवतीच्या त्वचेशी जुळवून घेते. केसांच्या किंवा ओठांच्या कडेजवळ मात्र हीच जुळवाजुळव अंगाशी येते, कारण शेजारचा गडद रंग आत ओढला जाऊन मळकट ठिपका उमटतो. अशा जागी क्लोन स्टॅम्पच बरा. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा ठेवावा, नमुना जवळच्याच त्वचेतून घ्यावा (कपाळाचा पोत गालावर उपरा दिसतो) आणि सर्व काम नव्या, रिकाम्या लेयरवर (मूळ चित्रावर ठेवलेल्या वेगळ्या थरावर) करावे, म्हणजे मूळ छायाचित्र शाबूत राहते व हात जास्तच फिरला असे वाटल्यास त्या लेयरची ऑपॅसिटी (अपारदर्शकता) कमी करता येते. तीळ आणि जुने व्रण त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय मी काढत नाही.