१९७९ ची डेटोना ५००: शेवटच्या फेरीत चूक नक्की कोणाची?

नवी_शार्लटकर

नमस्कार मंडळी. नोकरीसाठी शार्लटला येऊन आठ महिने झाले. इथे येईपर्यंत नॅसकार (अमेरिकेतल्या स्टॉक कार, म्हणजे साध्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती) हा शब्द फक्त ऐकून होते. गेल्या शनिवारी ऑफिसातल्या दोघींबरोबर इथल्या नॅसकार हॉल ऑफ फेमला गेले. तिथून परत आल्यापासून रोज रात्री जुन्या शर्यती बघतेय.

१९७९ च्या डेटोना ५०० चा, म्हणजे फ्लोरिडातल्या डेटोनाच्या ५०० मैलांच्या शर्यतीचा, शेवट दहा वेळा तरी पाहिला. पहिला आणि दुसरा एकमेकांवर आदळतात, तिसऱ्या वळणावर भिंतीला लागून खाली घसरत येतात, आणि कुठून तरी मागून रिचर्ड पेटी येऊन जिंकतो. मग गवतावर मारामारी. माझे प्रश्न असे:

पुढे असलेल्या डॉनी ॲलिसनने आडवी गाडी घातली की मागून आलेल्या केल यारबरोने जबरदस्तीने घुसवली? दोघांच्याही गाड्या मोडल्या, तरी निकालात ते चौथे आणि पाचवे कसे? आणि या एका शर्यतीचं एवढं काय? अपघात तर दर वर्षी होतात.

जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

पिट_लेन

चूक डॉनीची. यारबरो आतून निघाला होता, डॉनी त्याला दाबत दाबत गवतात घेऊन गेला. डांबर संपलं तरी हा खाली येतच होता. चाकं गवतात गेल्यावर माणूस गाडी वळवणार कशी?

चौथ्या-पाचव्याचं सोपं आहे. शर्यत २०० फेऱ्यांची. दोघांच्या १९९ पूर्ण झालेल्या. पूर्ण २०० करणारे तिघेच: पेटी, डॅरेल वॉल्ट्रिप आणि ए. जे. फॉइट. बाकीचे सगळे इतके मागे होते की जागेवर उभ्या राहिलेल्या या दोन गाड्यांनाही कोणी मागे टाकू शकलं नाही.

पंचगंगा_ते_पीडमाँट

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, ग्रीन्सबरोला येऊन तीस वर्षं होऊन गेली. पेटींचं गाव लेव्हल क्रॉस इथून अर्ध्या तासावर. या शर्यतीबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते शेजारच्या म्हाताऱ्याकडून. कापडगिरणीत आयुष्य काढलेला माणूस, आता नाही तो. त्या रविवारी, १८ फेब्रुवारी १९७९ ला, बर्फामुळे त्याला घराबाहेर पडता आलं नव्हतं, म्हणून टीव्हीसमोर बसला. पूर्व किनाऱ्यावर असे लाखो लोक घरात अडकले होते. आणि नेमकी त्याच दिवशी सीबीएस वाहिनी ही ५०० मैलांची शर्यत पहिल्या झेंड्यापासून शेवटच्या झेंड्यापर्यंत देशभर थेट दाखवत होती. त्याआधी असं कधी झालंच नव्हतं, तुकड्या-तुकड्यांनी दाखवायचे. ज्यांनी स्टॉक कार कधी पाहिली नव्हती त्यांनी पहिल्याच खेपेला हा शेवट पाहिला. ‘एवढं काय’ याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता चुकीबद्दल. पिट_लेन, तुमच्याशी मी निम्माच सहमत आहे, आणि त्याचं कारण शेवटच्या फेरीत नाही, बत्तिसाव्या फेरीच्या आसपास आहे. तिथून बघा.

डेटोनाला सकाळी पाऊस होता. ट्रॅक वाळवायला पहिल्या पंधराएक फेऱ्या पिवळ्या झेंड्याखाली (म्हणजे धोक्याचा इशारा), सावकाश काढल्या. डांबर वाळलं, पण कडेचं गवत वाळलं नाही. त्यातही मागची लांब सरळ पट्टी. तिच्या आतल्या बाजूला तळं आहे, लेक लॉइड. हा ट्रॅक १९५९ साली उघडला. वळणांना ३१ अंशांचा चढ द्यायला जी माती लागली ती मधल्या जमिनीतून खणून काढली, आणि त्या खड्ड्याचं हे तळं झालं. तर अशी ती जागा. शर्यत जेमतेम रंगात येतेय तोच बॉबी ॲलिसन, त्याचा भाऊ डॉनी आणि यारबरो तिघेही त्याच मागच्या पट्टीवर एकमेकांना लागले आणि त्याच चिखलात गरगरत गेले. डॉनीची एक फेरी बुडाली, यारबरोच्या दोन-तीन.

यारबरो साधा गडी नव्हता. १९७६, ७७, ७८ अशी वर्षभराच्या मालिकेची लागोपाठ तीन विजेतेपदं त्याच्या नावावर होती. त्या काळी नियम असा की पिवळा झेंडा पडला तरी रेषेपर्यंत शर्यत चालू. मागे पडलेल्याने तेवढ्यात आघाडीच्या गाडीला गाठून मागे टाकलं तर बुडालेली एक फेरी परत मिळायची. (हा नियम २००३ मध्ये काढून टाकला, आणि बरं केलं. समोर मोडलेली गाडी पडलेली असताना हे पूर्ण वेगात जायचे.) यारबरोने एकेक करून सगळ्या फेऱ्या भरून काढल्या. चिखलातून निघून, चारशेहून जास्त मैल झगडून, शेवटच्या फेरीला तो डॉनीच्या मागच्या बंपरला चिकटलेला होता. त्याच्या डोक्यात तेव्हा काय असेल, हे बत्तिसावी फेरी पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता तो मागेच का थांबला, आधी पुढे का गेला नाही? डेटोनाला पुढची गाडी हवा फोडते आणि मागच्याला त्या आडोशात कमी जोर लावून तोच वेग मिळतो. मागून निघताना मग जास्तीचा जोर हाताशी असतो. इथे त्याला स्लिंगशॉट म्हणतात, म्हणजे आपली गोफण. मला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्याने एकदा पिकअपमध्ये बसवलं, हायवेवर एका लांबलचक ट्रेलरच्या मागे नेऊन लावलं आणि म्हणाला, हात बाहेर काढ. एरवी त्या वेगात तळव्यावर वारं दणका देतं, इथे नुसतं इकडून तिकडून थडथडत होतं, गाडीही हलत होती. मग त्याने डावीकडे गाडी काढली आणि ट्रेलरच्या आडोशातून बाहेर पडल्याबरोबर वाऱ्याने माझा हात कोपरापासून मागे फेकला. खांदा दोन दिवस दुखत होता.

गोफण अशी की ती आधी मारली तर पुढचाच आता मागचा होतो आणि तोच डाव तुमच्यावर उलटवतो. म्हणून ती शेवटच्या फेरीत, मागच्या पट्टीवरच मारायची. डॉनीलाही ते पक्कं ठाऊक होतं. आणि आडोशाचा हा उपयोग करून १९६० ची डेटोना ५०० कोणी जिंकली होती? ज्युनियर जॉन्सन. त्याची शेव्हरोले इतरांपेक्षा हळू होती, वेगवान गाडीच्या मागे चिकटून त्याने तिला पळवलं. तोच ज्युनियर जॉन्सन १९७९ साली यारबरोच्या गाडीचा मालक. म्हणजे यारबरो आपल्या मालकाचीच विद्या वापरत होता!

तर ती काही सेकंदं. वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. यारबरो आतून निघाला. डॉनी खाली आला. इथपर्यंत डॉनीचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पुढे असलेल्याने आपली वाट निवडायची असते. पण यारबरोचं नाक बाजूला लागल्यावर त्याने एका गाडीपुरतं डांबर सोडायला हवं होतं, ते सोडलं नाही. आणि यारबरोची डावी चाकं ओल्या गवतात गेली तेव्हा त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायला हवा होता, तो उचलला नाही. गाडी उसळून डॉनीवर आली, लागली, सुटली, परत लागली, आणि दोघं चिकटूनच तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर गेले. निम्मी चूक याची, निम्मी त्याची.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पेटी, वॉल्ट्रिप आणि फॉइट जवळजवळ अर्धी फेरी मागे होते. म्हणजे दोघांपैकी ज्याने पाय उचलला असता त्याचा दुसरा नंबर कुठे जात नव्हता. दुसरा नंबर दोघांनाही नको होता.

पेटीबद्दलही सांगतो, कारण त्याला आयता विजय मिळाला असं लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो. त्याआधी सलग ४५ शर्यतींत तो जिंकला नव्हता. त्या हिवाळ्यात अल्सरमुळे त्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, जठराचा बराच भाग काढलेला. डॉक्टरांनी गाडी चालवू नको म्हणून सांगितलं होतं. तसा माणूस तीन-साडेतीन तास गाडीतल्या त्या उकाड्यात बसला, आणि शेवटी वॉल्ट्रिपही गोफण मारायला मागे टपलेला होता. पेटीने त्याला जेमतेम एका गाडीच्या अंतराने रोखलं. ही त्याची सहावी डेटोना ५००. त्या वर्षीचं विजेतेपदही त्याने घेतलं, वॉल्ट्रिपपेक्षा फक्त ११ गुण जास्त मिळवून. आयतं काय होतं यात?

पिट_लेन

बत्तिसाव्या फेरीचं मान्य, ते लक्षात घेतलं नव्हतं. तरी नाक बाजूला लागल्यावर जागा सोडायची हे तुम्हीच म्हणताय, म्हणजे पहिली चूक डॉनीचीच ठरते. माझं मत कायम.

जुना_क्लच

याच जातीची १९७६ ची डेटोनाही बघा. शेवटच्या फेरीत पेटी आणि डेव्हिड पिअर्सन चौथ्या वळणातून निघताना एकमेकांना लागले, दोघंही गरगरत समोरच्या गवतात. पेटीचं इंजिन बंद पडलं, रेषा डोळ्यांसमोर दिसत असताना. पिअर्सनने गाडी फिरत असतानाच क्लच दाबून इंजिन चालू ठेवलं आणि मोडकी गाडी रांगत रांगत रेषेपार नेली. त्या गोंधळात क्लच दाबायचं सुचणं, याला मी मानतो.

नवी_शार्लटकर

बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी. काका, तळ्याचं वाचून परत व्हिडिओ लावला आणि खरंच, मागे पाणी दिसतं!

एक राहिलं. मारामारीत बॉबी कुठून आला? तो तर या दोघांच्या अपघातात नव्हताच.

पंचगंगा_ते_पीडमाँट

बॉबी फेऱ्यांनी मागे होता. शर्यत संपल्यावर तो भावाजवळ थांबला, तुला गॅरेजपर्यंत सोडू का विचारायला. यारबरोचा समज असा की बॉबी पुढे मुद्दाम हळू झाला होता, भावाला मदत म्हणून. तो ओरडत त्याच्याकडे गेला. बॉबीच्या सांगण्याप्रमाणे यारबरोने खिडकीतूनच हेल्मेट त्याच्या तोंडावर मारलं, मग बॉबी बाहेर आला. त्यानंतरचं तुम्ही पाहिलंच आहे. बॉबी पुढे आयुष्यभर सांगायचा की यारबरोच आपलं नाक माझ्या मुठीवर आपटत होता. तिघांनाही प्रत्येकी ६,००० डॉलर दंड झाला.

आणि लोक एक गोष्ट विसरतात. फोटोत डॉनी हेल्मेट हातात घेऊन उभा दिसतो, पण मारामारी खरी बॉबी आणि यारबरोची आहे. ज्याची शर्यत गेली तो डॉनी त्या धुमश्चक्रीत कडेलाच आहे. त्याला डेटोना ५०० पुढेही कधी जिंकता आली नाही. यारबरो आधी दोनदा जिंकला होता, पुढे आणखी दोनदा जिंकला. बॉबी तीनदा. डॉनीला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती २०२४ मध्ये, बॉबी आणि यारबरोनंतर बारा-तेरा वर्षांनी. यारबरो त्याच्या तीनच आठवडे आधी, २०२३ च्या शेवटच्या दिवशी गेला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बॉबीही.

तुम्ही शार्लटला आहात तर एक करा. उन्हाळ्यात एखाद्या शनिवारी विन्स्टन-सेलमला बोमन ग्रे स्टेडियमला या. पाव मैलाचा छोटा ट्रॅक, फुटबॉलच्या मैदानाभोवती. गाडी समोरून गेली की तापलेल्या रबराचा वास थेट नाकात येतो. कानात घालायला बोळे आणा. बायको घरून कांदेपोहे करून देते, तुमच्या दोघी मैत्रिणींनाही पुरतील.

नवी_शार्लटकर

नक्की येणार काका! तारीख व्यक्तिगत निरोपात कळवते.