सरचूला डिझेल हीटर बंद पडला, काळा धूर आणि ई-०८, आता लेहला आहे, काय करू?

धुळ्याची ट्रॅव्हलर
नमस्कार मंडळी. मी धुळ्याचा, ट्रॅव्हलर गाडी आतून बनवून घेतलीय, बेड, छोटं किचन आणि सीटखाली चायनीज डिझेल हीटर, ५ किलोवॅटचा म्हणून घेतलेला. आपल्याकडे त्याचं काय काम, पण डिसेंबरात तोरणमाळला रात्रभर लावला होता, धूर नाही काही नाही, मस्त चालला. आता आईवडिलांना घेऊन मनालीमार्गे लेहला आलोय. मनालीत ठीक होता, जिस्पाला वास यायला लागला आणि एक्झॉस्टच्या नळीतून काळा धूर, म्हणून एकदम लोवर ठेवला तरी तेच, आणि सरचूला मध्यरात्री ई-०८ दाखवून बंदच पडला. परत परत चालू करून बघितला तर आता ई-१० येतो. ज्याच्याकडून घेतला तो फोनवर म्हणतो बोर्ड गेला, नवीन मागवा. पण पंखा फिरतो, डिस्प्ले चालू आहे, पंपाची टिकटिक पण येते, मग बोर्ड कसा गेला? हीटरची टाकी वेगळी आहे १० लिटरची, धुळ्यालाच भरलेली. परवा हानलेला जायचंय. आईचं डोकं सकाळपासून दुखतंय, ते उंचीमुळे असावं.

शिरपूरचा पंपवाला
बोर्ड बिर्ड काही गेला नाही भो, पैसे घालू नको. ई-०८ म्हणजे ज्योत विझली, ई-१० म्हणजे पेटलाच नाही. बहुतेक चायनीज हीटरला हेच कोड असतात, तरी तुझ्या पुस्तकात बघून घे.

कारण हवा. लेह ३५०० मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास, सरचू ४३०० च्या जवळ, तिथे ६० पण नाही. पंखा तेवढेच फेरे मारतो पण ऑक्सिजन कमी येतो, आणि पंपाला ह्यातलं काही कळत नाही, तो प्रत्येक ठोक्याला मोजून तेवढंच डिझेल टाकतो. म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी, अर्धवट जळतं, काजळी होते आणि ती ग्लो प्लगच्या (लाल होऊन डिझेल पेटवतो तो) जाळीवर बसली की पेटतच नाही. तोरणमाळ ११५० मीटरच्या आसपास, तिथे हा प्रॉब्लेम दिसणारच नाही. जर्मन कंपन्यांचे हीटर असतात ना, त्यातल्या काहींच्या पुस्तकात पण १५०० मीटरच्या वर जास्त दिवस राहायचं असेल तर हाय अल्टिट्यूड किट लावा असं लिहिलेलं असतं.

लोवर ठेवलं की पंखा आणि पंप दोन्ही हळू होतात, आतलं तापमान पडतं आणि काजळी अजून वाढते. तुला पंखा तसाच ठेवून फक्त डिझेल कमी करायचंय. सेटिंगच्या आतल्या मेनूत जा (पासवर्ड बऱ्याच मॉडेलला १६८८ असतो), तिथे पंपाचे हर्ट्झ (सेकंदाला किती ठोके) आणि पंख्याचे आरपीएम (मिनिटाला किती फेरे) कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दिसतील. आधी सगळ्यांचा फोटो काढून ठेव. मग जास्तीत जास्त ५ हर्ट्झ असेल तर ४ कर, कमीत कमी १.६ असेल तर १.३, आणि तिथून ०.१ ने खाली जात धूर बघ. गरम झाल्यावर धूर दिसायला नको. फार कमी केलं तर परत विझेल, मग एक पायरी वर ये. काही कंट्रोलरला उंचीचा मोड वेगळा असतो, तो असेल तर आधी तो लावून बघ.

भुसावळ, आरोग्य विभाग
सेटिंगच्या आधी आईंचं बघा प्लीज. वास गाडीच्या आत येत होता का फक्त बाहेर? कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आणि डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं ही लक्षणं उंचीच्या त्रासात आणि ह्या गॅसमध्ये अगदी सारखी असतात, म्हणून लोक "उंचीमुळे असेल" म्हणून त्याच गाडीत परत झोपतात. काळा धूर म्हणजे अर्धवट जळणं, म्हणजे हा गॅस जास्त तयार होतो. आईंना आत्ताच लेहच्या सरकारी हॉस्पिटलला न्या आणि बंद गाडीत डिझेल हीटर चालू होता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, साध्या मशीनला हा गॅस कळत नाही, आकडा चांगला दाखवते. सांगितल्यावर रक्त तपासतील. उंचीचा त्रास निघाला तरी तो वेळेत कळलेला बरा. आणि ह्या गॅसचा अलार्म नसेल तर तो बसेपर्यंत हीटर लावून कोणी झोपू नका.

धुळ्याची ट्रॅव्हलर
ताई, जिस्पाला आत पण थोडा वास होता. निघतोय लगेच.

सावदा ते श्रीनगर
भाऊ टेन्शन लेऊ नको, आई बऱ्या होतील. मी केळीची गाडी वर घेऊन जातो, हीटरचं मला फार कळत नाही पण डिझेलचं कळतं. धुळ्याचं डिझेल आधी काढून टाक. आपल्याकडे डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं ते तापमान, उन्हाळी मालाला १५ डिग्रीपर्यंत चालतो आणि हिवाळीला ३, म्हणजे तिकडे रात्री ते मेणासारखं घट्ट व्हायला लागतं, आधी फिल्टर चोकतो मग बारीक नळी. लेहच्या पंपावर विचार हिवाळी डिझेल आलं का, इंडियन ऑइलने २०१९ पासून लडाखसाठी काढलंय, उणे ३३ पर्यंत वाहतं. ते नसेल तर थोडं रॉकेल मिसळ. पेट्रोल एक थेंब पण नको, स्फोटाचं काम आहे ते.

धुळ्याची ट्रॅव्हलर
आईला तपासलं. गॅस नाही, उंचीचा त्रास आहे, औषध दिलंय आणि अजून वर जायचं नाही म्हणालेत, त्यामुळे हानले रद्द, हॉटेलात थांबलोय. गाडीखाली वाकून बघितलं तर एक्झॉस्टच्या नळीचा क्लॅम्प हीटरजवळ ढिला निघाला आणि तिथे फरशीला काळा डाग. तो घट्ट केला, जुनं डिझेल काढलं, पंप ४ वर आणला. चालू केल्यावर इतका पांढरा धूर की शेजारची गाडीवाली मंडळी बाहेर आली, मग दहा मिनिटांनी साफ. आता मोकळ्या जागेत दारं उघडी ठेवून चालू आहे.

शिरपूरचा पंपवाला
तो पांढरा धूर म्हणजे परत परत स्टार्ट मारल्याने आत साठलेलं न जळलेलं डिझेल. आता अर्धा तास फुलवर चालू दे, काजळी बरीच जळून जाईल. तरी अडकला तर ग्लो प्लग काढून जाळी बदलावी लागेल, स्वस्त असते. व्होल्टेज पण हीटरच्या प्लगपाशीच मोज, स्टार्टला ग्लो प्लग ८-१० अँपिअर खातो आणि वायर बारीक असली की तिथे पडतं. बंद करताना बटणाने कर, पंखा थंड करून थांबेपर्यंत मेन काढू नको. आणि घरी यायला निघशील तेव्हा मनालीच्या खाली उतरल्यावर फोटोतले जुने आकडे परत टाक, नाहीतर डिझेल कमी पडून नीट तापणार नाही.

भुसावळ, आरोग्य विभाग
नुसता क्लॅम्प घट्ट करून भागवू नका, हीटर आणि फरशीमधलं गॅस्केट पण बघा. अलार्म आईंच्या उशीजवळ लावा, स्वयंपाकाच्या बाजूला नको. आणि त्रास वाढला, म्हणजे तोल जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.