शब्दचर्चा : ‘प्रकाशीय संवेदन’, ‘उचल-ठेव यंत्र’ आणि ‘संदर्भखूण’

प्रश्न

तंत्रनिकेतनातील पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक घटक जोडायच्या छापील बोर्डाच्या) स्वयंचलित जुळणीवर एक मराठी पुस्तिका तयार करीत आहे. ‘पिक अँड प्लेस’ यंत्र (घटक उचलून बोर्डावर ठेवणारे), ‘फिड्युशिअल’ (यंत्राला जागा कळावी म्हणून बोर्डावर केलेली खूण) आणि ‘ऑप्टिकल सेन्सिंग’ या संज्ञांपाशी काम अडले आहे. शेवटच्या संज्ञेला मी ‘प्रकाशीय संवेदन’ म्हटले आहे. परंतु तोच शब्द निरनिराळ्या उपकरणांसाठी वारंवार येत असल्याने प्रत्येक उपकरण नेमके काय करते, याचा वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

पहिले उत्तर

‘संवेदन’ हा शब्द चुकीचा नाही, आणि ‘संवेदक’ तर आता पाठ्यपुस्तकांत रुळलेलाच आहे. अडचण अशी आहे की जुळणीच्या रांगेत प्रकाशाकडून एकच काम घेतले जात नाही. बोर्ड पट्ट्यावरून पुढे सरकताना त्याच्या कडेने प्रकाशाचा किरण अडला की बोर्ड जागेवर आल्याचे यंत्राला कळते. येथे फक्त ‘आहे की नाही’ एवढेच ओळखायचे असते. पुढे घटक बसवण्यापूर्वी तो किती तिरपा धरला गेला आहे हे मोजायचे असते. आणि सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीतून बाहेर पडलेल्या बोर्डावर घटकाचा प्रत्येक सांधा नीट झाला आहे का, हे ठरवून दिलेल्या कसोटीला लावून पाहायचे असते. ओळखणे, मोजणे आणि तपासणे ही तीन वेगळी क्रियापदे मराठीत रोजच्या वापरात असताना त्या तिन्हींवर ‘संवेदन’ हे एकच पांघरूण घालणे मला पटत नाही. संवेदक हे साधनाचे नाव ठेवावे, पण क्रियेचे नाव कामाप्रमाणे बदलावे.

मोजण्याचे एक उदाहरण मुद्दाम सविस्तर देतो, कारण ते या क्षेत्रातल्या सुंदर शोधांपैकी एक आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक स्टीव्हन केस यांनी १९८४ मध्ये सायबरऑप्टिक्स ही कंपनी स्थापन केली आणि तिने विकसित केलेले लेसर संरेखनाचे (अलाइनमेंटचे) उपकरण पुढे जुकीसारख्या जपानी कंपनीच्या यंत्रांवर बसवले गेले. यंत्राच्या नोझलच्या (घटक उचलणाऱ्या नळीच्या) टोकाशी हवेच्या ओढीने धरलेला घटक बोर्डाकडे नेला जात असतानाच त्याच्यावर एका बाजूने लेसर प्रकाशाचा पातळ पट्टा टाकतात, आणि समोरच्या बाजूला असलेल्या प्रकाशग्राहींच्या ओळीवर त्याची सावली पडते. नोझल फिरवली की सावलीची रुंदी कमीजास्त होते. आयताकृती घटकाची एक बाजू किरणांना समांतर आली की सावली सर्वांत अरुंद होते. तेथून पाव फेरा पुढे नेला की दुसऱ्या बाजूचेही असेच माप मिळते. घटकाचा कोन आणि त्याचे केंद्र नोझलच्या केंद्रापासून किती सरकले आहे, हे दोन्ही या सावल्यांवरून काढता येते, आणि तेही वाटेत कोठे न थांबता. या सगळ्याला ‘प्रकाशीय संवेदन’ म्हटले तर विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही; ‘सावलीवरून स्थिती मोजणे’ म्हटले तर अर्धे तत्त्व नावातच सांगून होते.

एक सावधगिरी बाळगावी. ‘संरेखन’ हा शब्द आपण मोजणे आणि दुरुस्त करणे या दोहोंसाठी सर्रास वापरतो. संवेदक केवळ चूक किती आहे ते सांगतो; ती दुरुस्त करते यंत्राचे डोके, म्हणजे नोझल धरणारा हलता भाग. पुस्तिकेत हा फरक स्पष्ट ठेवावा.

दुसरे उत्तर

‘पिक अँड प्लेस’साठी ‘उचल-ठेव यंत्र’ सुचवतो. ‘घटक बसवणी यंत्र’ असाही पर्याय दिसतो, पण मराठीत ‘बसवणे’ म्हटले की वस्तू पक्की झाली असा अर्थ निघतो. फरशी बसवतात, पंप बसवतात. येथे तसे होत नाही. स्टेन्सिलमधून बोर्डावर आधी डाखाची (सोल्डरची) पेस्ट उमटवलेली असते आणि घटक तिच्या चिकटपणावर नुसता टेकलेला असतो. ०.६ मिमी लांब आणि ०.३ मिमी रुंद असा रोधक त्या अवस्थेत धक्क्यानेही सरकू शकतो. भट्टीत पेस्ट वितळून थिजल्यावरच तो जडतो. म्हणून यंत्र घटक ‘ठेवते’ आणि भट्टी तो ‘जडवते’, अशी विभागणी करावी.

सोल्डरसाठी ‘डाख’ हा आपल्या कारागिरांचा जुना शब्द हाताशी आहे, तो जरूर वापरावा. शिसेविरहित डाखात साधारणतः ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबे असते आणि तो २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. कथील-शिशाचा जुना डाख १८३ अंशांनाच वितळत असे. भट्टीत पेस्ट वितळवण्याच्या क्रियेला, म्हणजे ‘रीफ्लो’ला, ‘पुनर्वितळण’ म्हणावे, कारण पेस्टमधली भुकटी मुळात वितळलेल्या डाखापासूनच तयार केलेली असते.

‘फिड्युशिअल’साठी ‘संदर्भखूण’ निःशंकपणे घ्यावा. तो तांब्याचा साधारण १ मिमी व्यासाचा ठिपका असतो आणि कॅमेऱ्याला तो उठून दिसावा म्हणून त्याच्याभोवती मोकळी जागा सोडलेली असते. अशा दोन खुणांवरून बोर्ड किती सरकला आणि किती फिरला हे यंत्राला कळते. तिसरी असल्यास बोर्डाची तिरपी ओढही समजते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. ‘ठेवणे’ आणि ‘जडणे’ यांतला फरक मी पुस्तिकेत घेत आहे. ‘टूम्बस्टोन’ या दोषाचे काय करावे? एका मसुद्यात ‘थडगे-दोष’ असे भाषांतर झाले आहे आणि ते मला खटकते.

पहिले उत्तर देणाऱ्याचे पुढील मत

ते काढून टाकावे. कारखान्यात काम करणारी मुले ‘पार्ट उभा राहिला’ म्हणतात आणि घडते ते अगदी तसेच : घटकाच्या एका टोकाखालचा डाख आधी वितळला की त्याचा पृष्ठताण ते टोक खाली ओढतो आणि दुसरे टोक हवेत उचलले जाते. ‘घटक उभा राहणे’ हे वर्णन नेमके आहे आणि कारखान्यात गेल्यावर विद्यार्थ्याला तेच ऐकू येणार आहे.

तपासणीच्या दोन टप्प्यांची नावेही वेगळी ठेवावीत. घटक ठेवण्याआधी पेस्टची उंची आणि घनफळ पाहतात ते ‘पेस्ट-मापन’. तेथे बोर्डावर प्रकाशाचे पट्टे टाकून त्यांच्या वाकण्यावरून उंची काढतात. भट्टीनंतर होते ती ‘प्रकाशीय तपासणी’. हा शब्द येथे बरोबर आहे, कारण कॅमेरा खरोखरच दिसणारा सांधा पाहत असतो. मात्र ज्या चिपचे सांधे तिच्या पोटाखाली गोळ्यांच्या रूपात असतात, तेथे प्रकाश पोहोचतच नाही. त्या प्रकरणात ‘प्रकाशीय’ हे विशेषण गाळून ‘क्ष-किरण तपासणी’ असेच लिहावे.