केलॉइड (जखमेच्या व्रणावर वाढत जाणारी गाठ) काढल्यावर पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं? (मदत हवी आहे)

मंडळी, पुतणीसाठी विचारतेय. वय २२, सोलापूरला असते. बुगडीसाठी कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं होतं. भोक व्यवस्थित बरं झालं आणि काही महिन्यांनी तिथं गाठ धरली. वाढत वाढत कानामागे बोराएवढी झाली. वर चकचकीत, तांबूस, हाताला टणक, आणि खाज अशी की झोपेतसुद्धा हात तिथंच.

गेल्या वर्षी एका दवाखान्यात कापून काढली. टाके काढले आणि "झालं, आता यायची गरज नाही" म्हणाले. पुढे इंजेक्शन नाही, काही नाही. दिवाळीपर्यंत गाठ परत हजर, तीही आधीपेक्षा मोठी. नंतर वाचलं की नुसतं कापून सोडलं तर ४५ ते १०० टक्के केलॉइड परत येतात. हे कापायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं की नाही?

आता दोन डॉक्टरांची दोन मतं. एक म्हणतात, पुन्हा काढू आणि लगेच स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू करू. दुसरे म्हणतात, ऑपरेशननंतर २४ तासांच्या आत रेडिएशन सुरू करायचं. वहिनींनी "लाईट द्यायची" एवढं ऐकलं आणि हायच खाल्ली, कारण आमच्याकडे लाईट म्हणजे कॅन्सरच. दादा म्हणतो हातच लावू नका. पोरीचं लग्न बघतायत, त्यामुळे घरात रोज हाच विषय.

रेडिएशन कुणी घेतलंय का? आणि दाब देणारे कानातले मिळतात म्हणे, ते वरच्या कडेला बसतात का?

प्रतिसाद:
ताई, मी प्लास्टिक सर्जरीत काम करतो. न तपासता सल्ला देत नाही, पण भीती थोडी कमी करता येईल. केलॉइडसाठी रेडिएशनचा डोस कॅन्सरच्या मानाने बराच कमी असतो, साधारण १२ ते २० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), तोही मोजक्या बैठकांत आणि कानाच्या तेवढ्याच भागावर. पुढे कॅन्सर होण्याचा धोका अगदी शून्य म्हणता येत नाही, म्हणून लहान मुलांना शक्यतो देत नाहीत आणि गरोदरपणात तर नाहीच. एकदा परत आलेल्या गाठीसाठी मात्र हा पर्याय जरूर विचारा. आधी रेडिएशनवाल्यांची तारीख घ्या, मग ऑपरेशनची. उलटं केलंत तर वेळ हातातून जाते.

स्टिरॉइड म्हणजे ट्रायअ‍ॅमसिनोलोन, दर ४ ते ६ आठवड्यांनी. काही वेळा त्यात ५-एफयू (पेशींची वाढ रोखणारं औषध) मिसळतात. सुई दुखते, त्वचा तिथं पांढरट किंवा पातळ होऊ शकते, कधी मासिक पाळी मागेपुढे होते. हे मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर मधेच सोडून देतात. सगळ्यात जास्त केसेस इथंच बिघडतात.

प्रतिसाद:
माझ्या खांद्यावर होता. कापलाच नाही, नुसत्या इंजेक्शनांनी सपाट झाला. डाग आहे, पण खाज गेली. दादांचं म्हणणं अगदीच चूक नाही, आधी हे करून बघता येईल. सिलिकॉनची पट्टी जखम पूर्ण भरल्यावर दिवसाचे १२ तास तरी लावावी लागते, आणि तीही महिनोन्‌महिने. उन्हाळ्यात घामाने सुटते, धुवून परत लावायची. आणि कुणी चुना, लिंबू असलं काही लावायला सांगितलं तर ऐकू नका, त्वचा भाजते.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. इंजेक्शनांनी सपाट होतं हे आम्हाला कुणी बोललंच नव्हतं, आता तेही विचारते. कानातल्यांचं राहिलं.

प्रतिसाद (प्लास्टिक सर्जरीवाला):
हो, विसरलोच. तयार क्लिप कानाच्या पाळीसाठी असतात, वरच्या कडेला नीट बसत नाहीत. कृत्रिम दात बनवणारे दंतवैद्य कानाचं माप घेऊन अ‍ॅक्रिलिकची पट्टी करून देऊ शकतात. माप टाके निघाल्यावर आणि जखम भरल्यावरच द्या, आत्ताच्या गाठीवर घेतलेलं फुकट जाईल. रोज १२ तास किंवा जास्त, किमान सहा महिने. दाब इतकाच की कान पांढरा पडता कामा नये. खाज सुरू झाली किंवा कड टणक लागली की पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायचं. दोन वर्षं तरी लक्ष ठेवा, उशिरानेही परत येतो. आणि लग्नात बुगडी घालायचीच असेल तर दाबाची घ्या, टोचायची नको.