झारिया, डिसेंबर २०१५ : रस्ता अडवणाऱ्या जमावावर लष्कराने गोळी चालवावी का, आणि कुणाच्या हुकमाने?

उत्तरायण

नायजेरियाच्या कदुना राज्यातल्या झारिया शहरात १२ ते १४ डिसेंबर २०१५ या तीन दिवसांत लष्कराने इस्लामिक मूव्हमेंट इन नायजेरिया या शिया संघटनेच्या लोकांवर गोळीबार केला. लष्कराची बाजू अशी : लष्करप्रमुख तुकुर बुराताई यांचा ताफा या लोकांनी भर रस्त्यात अडवला, त्यांच्या हातात काठ्या, सुरे, गलोली होत्या, विनवण्या करूनही ते हटेनात आणि बुराताईंच्या जिवाला धोका होता. संघटना म्हणते की आमचा धार्मिक कार्यक्रम चालू होता आणि ठार मारण्याचा कट वगैरे काही नव्हता.

मला कुणाची बाजू घ्यायची नाही, एका लेखासाठी नियम समजून घ्यायचे आहेत. सार्वजनिक रस्ता अडवणं हा गुन्हा आहेच. मग लष्कराचं नेमकं चुकलं कुठे? आणि असाच प्रसंग आपल्याकडे आला तर कायदा काय सांगतो? जाणकारांनी जरा तपशिलात लिहावं.

---

सनदशीर

चांगला धागा. पण 'रस्ता अडवला म्हणून गोळीबार' या चार शब्दांत झारिया बसवलं की पुढचं सगळं चुकतं. त्या तीन दिवसांत जागा वेगवेगळ्या होत्या आणि वेळाही वेगवेगळ्या. त्या आधी सुट्या करायला हव्यात.

पहिली जागा सोकोटो रोडवरची हुसैनिया बकियतुल्ला, म्हणजे संघटनेचं मुख्य प्रार्थनास्थळ. शनिवार, १२ डिसेंबर. रबी-उल-अव्वल महिना लागत होता, म्हणून निशाण बदलायच्या कार्यक्रमाला लोक जमले होते. बुराताई झारियातल्या लष्करी प्रशिक्षण केंद्रात नव्या जवानांच्या दीक्षान्त संचलनाला चालले होते. ताफा अडला, अधिकारी उतरून बोलले (लष्करानेच प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत हे दिसतं), मग गोळीबार झाला आणि ताफा निघून गेला.

म्हणजे रस्त्याचा प्रश्न तिथे संपला होता.

दुसरी जागा ग्याल्लेसू. संघटनेचे प्रमुख शेख इब्राहिम झकझाकी यांचं घर या वस्तीत होतं. त्याच रात्री लष्कराने हुसैनियाला आणि ग्याल्लेसूला वेढा घातला आणि कारवाई १४ तारखेपर्यंत चालली. बहुतेक माणसं इथे मेली. झकझाकी आणि त्यांची पत्नी जबर जखमी झाले, झकझाकींचा डावा डोळा गेला, त्यांचे तीन मुलगे मारले गेले. (आणखी तीन मुलगे २५ जुलै २०१४ ला, पॅलेस्टाइनला पाठिंबा म्हणून पाळल्या जाणाऱ्या कुद्स दिनाच्या मिरवणुकीवर याच शहरात लष्कराने केलेल्या गोळीबारात गेले होते. डिसेंबरमध्ये लोक इतके बिथरलेले का होते, हे त्यावरून कळतं.) नंतर हुसैनिया, ते घर आणि दारुर रहमा हे दफनस्थळ जमीनदोस्त झालं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. संयुक्त राष्ट्रांची १९९० ची बळाच्या वापराबाबतची मूलतत्त्वं घ्या. ९ वं तत्त्व सांगतं की गोळी फक्त मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा धोका अगदी समोर उभा असेल तरच, आणि दुसरा कुठलाही उपाय पुरत नसेल तरच चालवायची. १० वं सांगतं की आधी ओळख द्या, स्पष्ट इशारा द्या आणि इशारा पाळायला पुरेसा वेळ द्या. १३ वं तत्त्व बेकायदा पण अहिंसक जमावाबद्दल आहे : शक्यतो बळ वापरू नका, वापरावंच लागलं तर कमीत कमी. १४ व्यानुसार जमाव हिंसक झाला तरीही ९ व्या तत्त्वातली अट लागूच राहते.

सोकोटो रोडवरच्या पहिल्या काही मिनिटांपुरता लष्कराचा स्वसंरक्षणाचा दावा निदान तपासण्याजोगा आहे. ताफा निघून गेल्यावर, रात्री, दुसऱ्या वस्तीतल्या घराला वेढा घालून केलेल्या गोळीबाराला तो दावा लागूच होत नाही, कारण तिथे कुठलाही रस्ता मोकळा करायचा नव्हता. कदुना सरकारने नेमलेल्या न्या. मोहम्मद लवाल गर्बा आयोगानेही २०१६ च्या अहवालात लष्कराने अवाजवी आणि प्रमाणाबाहेर बळ वापरल्याचा निष्कर्ष काढला.

शिवाय हुकमाचा प्रश्न आहे. नायजेरियाच्या १९९९ च्या राज्यघटनेचं कलम २१७ म्हणतं की नागरी सत्तेच्या मदतीला लष्कराने यायचं ते राष्ट्राध्यक्षांनी बोलावल्यावर, आणि संसदेच्या कायद्याने घातलेल्या अटी पाळून. ज्या संस्थेचा प्रमुख रस्त्यात अडला, त्याच संस्थेने पुढचे दोन दिवस जमावाचा बंदोबस्त केला. तक्रारदाराच्याच हाती बंदूक देऊ नये, एवढ्यासाठी तर मधला नागरी अधिकारी असतो.

---

कवायत

सनदशीर यांच्याशी सहमत. मी फक्त लष्करी बाजूची भर घालतो, कारण गडबड मुळात प्रशिक्षणापासून सुरू होते.

ताफ्याबरोबरच्या जवानांना एकच गोष्ट पक्की शिकवलेली असते : गाडी अडली की हा छापा समजा, भरपूर गोळीबार करा आणि त्या टप्प्यातून बाहेर पडा. बोको हरामसारखी सशस्त्र दहशतवादी संघटना समोर असताना हे बरोबर आहे. तोच प्रतिसाद काठ्या घेतलेल्या जमावासमोर दिला की प्रेतांचा खच पडतो. त्यातून जवानाच्या हातात रायफलीशिवाय काही नसतं. ढाल नाही, लाठी नाही, अश्रुधूर नाही. आवाज चढवणं आणि गोळी घालणं यांच्या मधली एकही पायरी त्याच्याकडे नसते.

म्हणून ताफ्याचं नियोजन करतानाच हे सोडवायचं असतं. आगाऊ तुकडी पुढे गेली पाहिजे, पर्यायी रस्ता आधी पाहून ठेवलेला पाहिजे, स्थानिक पोलिसांना धार्मिक कार्यक्रमांच्या तारखा ठाऊक असतात त्या विचारून घेतल्या पाहिजेत. आणि वाट अडलीच तर गाड्या मागे वळवण्यात कमीपणा नाही. संचलन तासभर उशिरा झाल्याने काही बिघडत नाही.

भारतात नागरी सत्तेच्या मदतीला लष्कर बोलावतात तेव्हाची शिकवण वेगळी आहे. थोडक्यात क्रम असा : दंडाधिकाऱ्याची मागणी, शक्यतो लेखी. दंडाधिकारी तुकडीबरोबर हजर. ध्वनिवर्धक, बिगुल आणि स्थानिक भाषेत इशारा लिहिलेला फलक. बिगुल वाजवून लक्ष वेधायचं, इशारा वाचायचा, पांगायला वेळ द्यायचा. तरीही गोळीबार अटळ ठरला तर अधिकाऱ्याने ठरावीक जवानांना नाव घेऊन, ठरावीक गोळ्यांचा हुकूम द्यायचा. एकेक गोळी, नेम कमरेखाली, हिंसा करणाऱ्यावरच. सरसकट झोड नाही. डोक्यावरून हवेतही नाही, कारण ती गोळी मागे कुठेतरी गच्चीत उभ्या असलेल्या, ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाला लागते. जमाव हलायला लागला की त्याच क्षणी थांबायचं. मग जखमींना प्रथमोपचार, रिकाम्या पुंगळ्या मोजून गोळा करणं, मृतदेह पोलिसांच्या ताब्यात देणं, आणि किती गोळ्या, कुणी, कुणाच्या हुकमाने झाडल्या याची नोंद.

ही शिस्त रक्त सांडल्यावर आली आहे. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत डायरने इशारा न देता सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडवल्या, लोक पळत असतानाही. समोरचा जमाव पांगवण्यापुरतं न थांबता साऱ्या पंजाबवर 'नैतिक परिणाम' करायचा होता, हे त्याने चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे सांगितलं. जमाव पांगवणं आणि जमावाला शिक्षा करणं यांतली रेघ तिथे पुसली गेली. ग्याल्लेसूत तीच पुसली गेली असं माझं स्पष्ट मत आहे.

---

चौकातला

दोघांनी उत्तम लिहिलंय, पण एक बाजू राहून जातेय. गर्बा आयोगाने संघटनेलाही मोकळं सोडलेलं नाही. मिरवणुकांसाठी रस्ते वारंवार अडवणं, सरकारी अधिकार न मानणं, ग्याल्लेसूच्या रहिवाशांना होणारा त्रास, हे सगळं अहवालात आहे आणि झकझाकींवरही जबाबदारी टाकली आहे. वर्षानुवर्षं ज्यांच्या दारातला रस्ता बंद होतो, त्यांची तक्रार खरी असते. ती मांडली म्हणून कुणी गोळीबाराचा समर्थक ठरत नाही.

प्रश्न एवढाच की या तक्रारीवर कायद्यात उपाय काय आहे. आपल्याकडचं पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक रस्त्यात अडथळा करण्याची शिक्षा आहे ५,००० रुपयांपर्यंत दंड. बस. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दंडाधिकारी अडथळा हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतो. महाराष्ट्रात मिरवणुकांचे मार्ग आणि वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली ठरवून देता येतात. रोज पाहायला मिळणारी कामं ही आहेत : आयोजकांशी आधी बोलणं, अर्धा रस्ता रुग्णवाहिकेसाठी मोकळा ठेवायला लावणं, वाहतूक वळवणं, चित्रीकरण करून नंतर गुन्हे नोंदवणं. ज्या गुन्ह्याला दंडाची शिक्षा आहे, तो थांबवायला प्राण घेता येत नाहीत.

नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारत आणि नायजेरिया दोघांनी मान्य केला आहे. त्यावर देखरेख करणाऱ्या मानवाधिकार समितीने २०२० मध्ये सभास्वातंत्र्यावर ३७ वं सामान्य भाष्य काढलं. त्यानुसार वाहतुकीची गैरसोय ही सभेबरोबर येणारच. शांततापूर्ण जमाव पांगवायचा तर गैरसोय 'गंभीर आणि दीर्घकाळची' असावी लागते. जमावाच्या बंदोबस्तासाठी लष्कर वापरू नये हेही त्यात आहे.

---

सनदशीर

चौकातला यांचा मुद्दा मान्य, आणि त्यात भर म्हणून लष्कराची कलमं देतो, कारण मूळ प्रश्नात ती विचारली आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनी १२९ ते १३२ ही कलमं आता १४८ ते १५१ झाली.

१४८ : कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी (तो नसेल तर किमान उपनिरीक्षक) बेकायदा जमावाला पांगायला सांगतो, न पांगल्यास पोलिसी बळ. १४९ : त्याने भागत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तर जिल्हा दंडाधिकारी, किंवा त्याने अधिकार दिलेला हजर कार्यकारी दंडाधिकारी, सशस्त्र दलांकडून जमाव पांगवू शकतो. पूर्वी 'हजर असलेला सर्वांत वरिष्ठ दंडाधिकारी' असं होतं, तो बदल लक्षात ठेवा. पांगवायचं कसं हे लष्करी अधिकारी ठरवतो, पण कमीत कमी बळ वापरून आणि माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा करून.

झारियाशी ताडून पाहायचं कलम १५० आहे. सार्वजनिक सुरक्षितता उघड धोक्यात असेल आणि दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल, तर लष्करी अधिकारी स्वतःहून जमाव पांगवू शकतो. पण संपर्क होणं शक्य झालं की लगेच साधायचा आणि पुढे चालू ठेवायचं की थांबायचं हे त्याच्या सूचनेप्रमाणे करायचं. झारियासारख्या शहरात, राज्य सरकार जागेवर असताना, दोन दिवस संपर्क झाला नाही असं कुणाला म्हणता येणार नाही.

१५१ मध्ये सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे आणि सैनिकांवर खटल्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते. म्हणजे सरसकट माफी नव्हे. मणिपूरमधल्या कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात ८ जुलै २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशांत क्षेत्रातही सूडाचं किंवा प्रमाणाबाहेरचं बळ चालणार नाही आणि आरोप झाला की चौकशी व्हायलाच हवी.

आणि चौकशी टिकते ती मृतदेहांवर. झारियात सगळ्यात मोठा घाव इथे बसला. ३४७ मृतदेह, त्यातले १९१ लष्करी केंद्रातून आणि १५६ अहमदू बेलो विद्यापीठाच्या रुग्णालयातून, कदुनातल्या मांडो इथे रातोरात एकाच सामूहिक कबरीत पुरले. हे राज्य सरकारच्याच सचिवांनी एप्रिल २०१६ मध्ये आयोगापुढे सांगितलं. ओळख नाही, नातेवाईक नाहीत. जखम पुढून की मागून, जवळून की लांबून, हे शवविच्छेदनाशिवाय कळत नाही, आणि पळणाऱ्याला मारलं की चाल करून येणाऱ्याला, याचं उत्तर तर तिथेच असतं. त्यात इमारतीही पाडल्या, म्हणजे भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा गेल्या. पोलीस गोळीबारातल्या मृत्यूंच्या तपासाची १६ सूत्रं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या महाराष्ट्राविरुद्धच्या खटल्यात घालून दिली आहेत. स्वतंत्र तपास, दंडाधिकारीय चौकशी, दोन डॉक्टरांकडून चित्रीकरणासह शवविच्छेदन, शस्त्रं तपासणीला जमा. ती झारियाच्या शेजारी ठेवून वाचा.

---

उत्तरायण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. मृतांचा आकडा कुठला धरावा? आणि रस्ता अडवल्याचा, सैनिक मारल्याचा खटला चालला त्याचं काय झालं?

---

सनदशीर

आकडा आयोगाचा धरा : संघटनेचे ३४८, आणि एक सैनिक. संघटनेचा दावा याच्या दुपटीहून जास्त आहे. तो लिहिलात तर दावा म्हणूनच लिहा.

खटल्याचं असं. अबुजाच्या संघीय उच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०१६ ला झकझाकी दांपत्याला ४५ दिवसांत सोडा आणि ५ कोटी नायरा भरपाई द्या असा आदेश दिला. 'त्यांच्याच संरक्षणासाठी ताब्यात ठेवलंय' हे सरकारचं म्हणणं न्यायालयाने फेटाळलं. तरी सोडलं नाही. २०१८ मध्ये कदुना सरकारने सैनिकाच्या मृत्यूसाठी त्यांच्यावर मनुष्यवधाचे आरोप ठेवले. २०१९ मध्ये संघटनेवर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाच्या परवानगीने ते उपचारासाठी गुरुग्रामच्या रुग्णालयात आले आणि काही दिवसांतच उपचाराविना परतले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत हे प्रकरण आलं ते तेवढ्यापुरतं.

२८ जुलै २०२१ ला कदुना उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. पुरावा पुरेसा नव्हताच, शिवाय २०१५ च्या घटनेसाठी आरोप २०१७ च्या दंडसंहितेखाली ठेवले होते.

दुसऱ्या बाजूला, आयोगाने पहिल्या डिव्हिजनचे तेव्हाचे प्रमुख मेजर जनरल अडेनियी ओयेबाडे आणि कारवाईतल्या इतरांवर खटला चालवावा अशी शिफारस केली होती. तो खटला उभा राहिला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अबुजाजवळ अरबईनच्या (शियांच्या शोकपर्वाच्या) मिरवणुकीवर पुन्हा गोळीबार झाला. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेच्या मते दोन दिवसांत ४५ माणसं मेली. लष्कराने तेव्हा समर्थनासाठी डोनाल्ड ट्रम्प यांच्या भाषणाची चित्रफीत ट्विटरवर टाकली, दगड म्हणजे रायफल समजा असं सांगणारी, आणि मग काढून टाकली. तुमच्या लेखात झारियाबरोबर हेही घ्या. तीच संघटना, तेच कारण, तेच लष्कर, आणि मध्ये तीन वर्षं एकाही अधिकाऱ्याला जाब विचारलेला नाही.