प्रतिसाद: फरशीतली जुनी जाळी

वरच्या मजल्याच्या फरशीतली गंजलेली जाळी कुठल्याच तयार मापात बसत नाही म्हणताय, तर तयार जाळीचा नाद सोडा. जुन्या घरातला असा झरोका, म्हणजे हवेसाठी फरशीत ठेवलेलं भोक, सहसा काटकोनात नसतो. दोन्ही कर्ण मोजा. फरक निघाला तर पुठ्ठ्याचा साचा कापून तोच फॅब्रिकेटरला (लोखंडी काम करणाऱ्याला) द्या. चहूबाजूंनी ३-४ मिलिमीटर सूट ठेवा, नाहीतर रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) आणि रंग चढल्यावर जाळी अडकते. जाळी शहाबादी फरशीच्या कडेवर टेकवू नका. कडेचा टवका उडाला की सगळंच डुगडुगतं. खाली लोखंडी अँगलची (L आकाराच्या पट्टीची) चौकट हवीच.

झरोका पॉलिकार्बोनेटने (प्लॅस्टिकच्या कडक पत्र्याने) झाकायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय, तो अजिबात पटला नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, खालच्या खोलीतली गरम हवा तिथूनच निघते. पट्ट्यांमधली फट मात्र लहान मुलाचं पाऊल अडकणार नाही इतकी बारीक ठेवा.