संत्र्याच्या बागेतील केना निंदूनही पुन्हा का उगवतो?

प्रश्न (काटोल रस्त्यावरील बागायतदार, नागपूर)

आमच्या संत्र्याच्या बागेत मृगाचा पाऊस झाला की झाडांच्या आळ्यांमध्ये निळ्या फुलांचे, जमिनीलगत पसरणारे एक तण माजते. मजूर त्याला केना म्हणतात. निंदण केल्यानंतर काही आठवड्यांतच ते पुन्हा दाट होते, आणि ग्लायफोसेट फवारल्यावर बाकीची तणे वाळतात, हे मात्र जरा पिवळे पडून पुन्हा हिरवेगार होते. हा नक्की केनाच आहे का आणि तो इतका चिवट का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

वर्णनावरून ही कोमेलिना प्रजातीतील बेंगालेन्सिस ही जाती असावी. फूल सकाळीच पाहावे, कारण दुपारपर्यंत ते मिटून जाते. दोन निळ्या पाकळ्या मोठ्या व तिसरी अगदी लहान, कळ्या नरसाळ्यासारख्या हिरव्या आवरणात दडलेल्या आणि पानाच्या बुडाशी खोडाला वेढणाऱ्या भागावर तांबूस केस, एवढे जुळले तर शंका उरत नाही. याच कुळातील सायनोटिसची फुलेही निळसर-जांभळी असतात, पण तिच्या तिन्ही पाकळ्या सारख्या असतात आणि पुंकेसरांवर दाट केसांचा झुपका दिसतो.

प्रतिसाद २

ओळख वरच्या प्रतिसादात आलीच आहे. चिवटपणाचे मूळ मात्र जमिनीखाली आहे. ही वनस्पती वर निळी फुले तर देतेच, शिवाय जमिनीत शिरणाऱ्या फांद्यांवर न उमलणारी, स्वतःच फलित होणारी फुलेही धरते. त्यामुळे एकाच झाडाला चार प्रकारचे बी येते: वरचे मोठे व लहान, खालचे मोठे व लहान. जमिनीखालचे मोठे बी सहज रुजते, तर वरचे लहान बी बराच काळ सुप्त राहते, म्हणून एका निंदणात सगळे उगवून संपेल ही अपेक्षाच करू नये. भरीला, खोडाच्या प्रत्येक पेराला मुळे फुटत असल्यामुळे रोटाव्हेटरने तुकडे केले तर, माझ्या मते, आपण तणाची लागवडच करतो. ग्लायफोसेटला या जातीची सहनशीलता मुळातच जास्त आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सहन करणारा कापूस रूढ झाल्यावर हेच तण तिथल्या कापूस उत्पादकांची मोठी डोकेदुखी ठरले. तेव्हा त्याच औषधाची मात्रा वाढवत राहण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद ३

संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरच्या थरात असल्याने आळ्यात खोल मशागत करता येत नाही, हे लक्षात घेऊन सांगतो. रोपे कोवळी असताना, जमिनीत फांद्या शिरण्याआधी, ओल असताना खुरप्याने मुळासकट काढावीत. उपटलेला केना आळ्यात किंवा ओल्या धुऱ्यावर टाकू नये, कारण रसाळ खोड कित्येक दिवस जिवंत राहून पुन्हा मूळ धरते. कोरड्या जागी पसरून पूर्ण वाळवावा. हे बी बहुतांशी वरच्या थरातूनच उगवते, त्यामुळे निंदणानंतर गव्हांड्याचे जाड आच्छादन केल्यास नवी उगवण बरीच दबते. फवारा न मारलेल्या जागेचा कोवळा केना मात्र फेकू नये, त्याची भजी चांगली होतात.